बेनेडिक्ट द्रावण : निळी नळी विटकरी का होते?

बारावीच्या प्रॅक्टिकलला दिसणारं हे निळं द्रावण अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट यांच्या नावाने ओळखले जाते. त्यात मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, सोडियम कार्बोनेट आणि सोडियम सायट्रेट असते. ग्लुकोज, फ्रुक्टोज किंवा दुधातील लॅक्टोजसोबत उकळले की क्युप्रस ऑक्साइडचा साका बसतो. साखर जशी जास्त, तसा रंग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी.

गंमत म्हणजे चहात टाकतो ती साखर, सुक्रोज, यात सापडतच नाही. आधी सौम्य आम्लात उकळून, ते आम्ल सोड्याने मारून मग तपासली तरच रंग बदलतो.

लघवी तपासताना 5 मिली द्रावणात 8 थेंब टाकून उकळतात. पण भरवसा बेतानेच ठेवावा. 100 मिली रक्तात साखर साधारण 180 मिलिग्रॅमच्या वर गेली, तरच ती लघवीत उतरते. म्हणजे नळी निळी राहिली म्हणून मधुमेह नाही, असं नसतं. उलट, अंगावर पाजणाऱ्या बाईच्या लघवीत लॅक्टोज येऊ शकते, आणि मधुमेह नसतानाही रंग बदलतो. व्हिटॅमिन सीच्या जास्त गोळ्यांनीही तसंच होतं. म्हणून निदानासाठी रक्तच तपासतात.