आजोबांची बंदूक आणि तिचे हरवलेले भाग

आमच्या घरातल्या बंदुकीचा घोडा सैल होता, गज गायब होता आणि टोपी बसवायचा खुंटा गंजून गेला होता. तिची गोष्ट मात्र धडधाकट होती. 1948 साली आजोबांनी ती एका रझाकाराच्या हातातून हिसकावली, असं आम्ही ऐकत आलो. दर 17 सप्टेंबरला गावातलं झेंडावंदन आटोपलं की ही गोष्ट निघायचीच. मी शाळेत तिच्यावर भाषणही ठोकलंय.

आजोबा गेले, मग वडीलही गेले. बंदूक माझ्याकडे आली ती थेट नाही, पोलीस ठाण्यातून. परवाना माणसाच्या नावावर असतो. तो गेला की बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची आणि वारसाने जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्यायचा. मी म्हटलं, ‘अहो, ती चालतसुद्धा नाही, भिंतीवर लावायचीय.’ समोरच्या कारकुनाने शांतपणे नियम सांगितला. 1959 चा शस्त्र कायदा जुन्या शस्त्रांना सूट देतो, पण दुरुस्त करूनही ते कधी चालणार नाही, अशा शस्त्रांनाच. आमची दुरुस्त होऊ शकत होती. म्हणजे कायद्याच्या लेखी ती जिवंतच होती.

ती किती जिवंत होती, हे परवाना झाल्यावर कळलं.

बार भरलेला होता

शेजारच्या जिल्ह्यात बंदुका दुरुस्त करायचं लायसन असलेले एक म्हातारे कारागीर आहेत. त्यांनी बंदूक हातात घेतल्यावर आधी एक लाकडी काठी नळीत सोडली, तोंडापाशी खूण केली, काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहिली. काठी आत जिथवर जायला हवी होती, त्याच्या चार बोटं अलीकडेच अडली होती.

‘भरलेली आहे,’ ते म्हणाले.

माझ्या पोटात गोळा आला. लहानपणी आम्ही चुलतभावंडं हीच बंदूक एकमेकांवर रोखून खेळायचो. काळी दारू कोरडी राहिली तर तिचा जोर कित्येक वर्षं टिकतो. तेव्हा आमचं नशीब म्हणजे तो गंजलेला खुंटा. कारागिरांनी आत पाणी सोडून दारू भिजवली आणि दुसऱ्या दिवशी गजाला पेच लावून बार ओढून काढला. चिंधी, काळा चिखल आणि लोखंडाचे बारीक तुकडे निघाले. तो बार रानडुकरासाठी होता की माणसासाठी, हे त्या तुकड्यांवरून कळणार कसं?

नळी गुळगुळीत का?

मग घोड्याखालची पट्टी साफ झाली. झिजलेला राजमुकुट, त्याच्यापुढे इंग्रजीत ‘टॉवर’ आणि 185 हे तीन आकडे दिसले, चौथा पुसलेला. तीन पट्ट्यांनी दस्त्याला बांधलेली लांबलचक नळी आणि चार किलोच्या वर वजन. ही एन्फील्डच्या घराण्यातली. 1853 साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेली ती एन्फील्ड तुम्हाला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहे. 1857 मध्ये जिच्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावल्याची चर्चा पेटली, तीच.

पण एन्फील्ड रायफल असते. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्यांनी गोळी भिंगरीसारखी फिरत सरळ जाते आणि कित्येकशे यार्डांवर नेम धरता येतो. आमच्या नळीत कारागिरांनी बॅटरी मारली, तर आत खाच नाही. झिजलेली नाही, मुळातच नाही.

याचं उत्तर 1857 मध्येच आहे. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी ठरवलं की हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या शिपायाइतकं चांगलं हत्यार द्यायचं नाही. त्यासाठी दिसायला एन्फील्ड, पण आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका पुरवल्या गेल्या. नेम शंभरेक यार्डांच्या पुढे भरवशाचा नाही. हे धोरण पुढेही चाललं. गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी शिपायाकडे स्नायडर होती. त्यांना लीची मॅगझिन रायफल आली, तेव्हा याच्याकडे उतरलेली मार्टिनी. शिपाई कायम एक पायरी मागे.

म्हणजे मी जिला ‘रायफल, रायफल’ म्हणत होतो, ती मुद्दाम अधू करून पाठवलेली बंदूक होती.

सुटे भाग नेपाळचे, दुकान अमेरिकेत

आता खुंटा, गज आणि घोड्याचा स्क्रू हवा होता. रात्री मोबाइलवर शोधायला लागलो. सगळे भाग अमेरिकेत मिळत होते. त्यातले बरेच आले होते नेपाळमधून! काठमांडूच्या लगन सिलेखान्यात जुन्या बंदुकांचा प्रचंड साठा पिढ्यान्‌पिढ्या पडून होता. 2003 साली अमेरिकी व्यापाऱ्यांनी पन्नास हजारांहून जास्त हत्यारं तिथून विकत घेतली. आमच्या बंदुकीचे नातेवाईक हिमालयातून अटलांटिकपलीकडे गेले होते.

पण कार्टमध्ये टाकून मागवायची ही वस्तू नव्हे. आपल्याकडे शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे सुटे भागही येतात. परवान्याशिवाय आयात नाही. गावातल्या लेथवाल्याने खुंटा कातून दिला, तर तोही गुन्हाच. कारागीर म्हणाले, ‘मी करून देतो. पण तुम्हाला ती उडवायचीय का?’

मी नाही म्हटलं. मग त्यांनी खुंट्याला हातच लावला नाही. मला दिलं ते काम दस्त्याचं. ‘पॉलिशपेपर मारायचा नाही, खुणा जातात. जवसाचं तेल, फडकं आणि सबुरी.’ परदेशी माहितगार ज्या लिन्सीड ऑइलची शिफारस करत होते, ते म्हणजे आमचं जवसाचं तेल. मराठवाड्यात ज्याची चटणी होते, तोच जवस. पंधरा दिवस रोज थेंबभर तेल चोळत गेलो. दस्त्याच्या बुडाची पितळी पट्टी उजळली आणि तिच्यावर ठोकलेले उर्दू आकडे वर आले. कुठल्या तरी नोंदवहीतला क्रमांक. ही बंदूक निजामी राज्यात कुणाच्या तरी हिशेबात होती.

सप्टेंबर 1948

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य सोलापूरकडून आत आलं ते आमच्याच जिल्ह्यातून. पहिली लढाई नळदुर्गला झाली. बोरी नदीवरचा पूल उडवला जायच्या आत हाती लागला. त्याच दिवशी नळदुर्गजवळ दुसऱ्या शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग मारले गेले. पुढे अशोकचक्राच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांचं नाव आलं. 17 तारखेला निजाम शरण गेला. रझाकारांतल्या बहुतेकांकडे तलवारी आणि ठासणीच्या बंदुकाच होत्या असं सांगतात. त्यामुळे आजोबांची गोष्ट अशक्य नव्हती.

पण 17 तारखेनंतरही इतिहास आहे, तो आमच्या भाषणांत नसायचा. रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली, हे खरं. त्यानंतर सूड म्हणून साध्या मुसलमान रयतेची कत्तल झाली, हेही खरं. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. अहवाल दशकानुदशकं बंद राहिला, 2013 च्या सुमारास लोकांना पाहायला मिळाला. त्यातल्या एका निरीक्षणाशी मी अडकलो. सैन्याने मुसलमानांची हत्यारं काढून घेतली, हिंदूंची अनेक ठिकाणी राहू दिली.

मी बंदूक घेऊन आत्याकडे गेलो. ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. तिने दस्त्यावरून हात फिरवला.

‘हिसकावली कशाची रे? गल्लीतल्या चाचांनी आणून दिली रातच्याला. दादाला म्हणाले, ठेव, झडतीत सापडली तर मारतील. परत आलो की नेतो.’

‘मग?’

‘मग काय. आलेच नाहीत.’

‘आजोबा तर वेगळंच सांगायचे.’

ती बराच वेळ गप्प राहिली. ‘दादानं दोन-तीन वर्षं वाट पाहिली. मग लोक विचारायला लागले, ही कुठून आली म्हणून.’

आत्याचं खरं की आजोबांचं, हे बंदूक सांगत नाही. ते उर्दू आकडे दोन्ही गोष्टींत बसतात. पण मी पाहिलंय, आजोबा दर दसऱ्याला शस्त्रपूजेला ती काढायचे, पुसायचे, पण तिच्यासोबत फोटो कधी काढू दिला नाही. मला तो साधेपणा वाटायचा.

2023 साली जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. बंदूक आता बैठकीच्या भिंतीवर आहे, बिनगजाची, बिनखुंट्याची. निवडणूक लागली की ठाण्यात जाऊन येते. खाली लावायची पाटी मी तीनदा लिहून फाडली. सध्या तिथे एवढंच लिहिलंय: ‘1948 पासून आमच्याकडे ठेवायला.’

पाहुणे विचारतात, ‘ठेवायला म्हणजे?’ मग मी त्यांना दोन्ही गोष्टी सांगतो.