ट्यूबमधली हवा

मागच्या रविवारी नवं हेल्मेट, हातमोजे आणि जेलवालं सीट कव्हर घेऊन निघालो. फाल्गुनातली गार सकाळ, फुललेला पळस, मेहकरच्या पैनगंगेकाठची शेतवाट. मजेत चाललो होतो, तेवढ्यात बाभळीचा काटा घुसला! सायकल ढकलत घरी आलो तर आजोबा हसले, "इतकं सामान घेतलं, पण पंक्चर काढाचं काही घेतलं का नाई?"

त्या पंक्चरनंच मला इतिहासात नेलं. १८८८ साल. इकडे मेहकरात शारंगधर बालाजीची मूर्ती सापडली. त्याच साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान थाटलं. लोखंडी नांगर वगैरे सगळं पुढचं. आणि तिकडे बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर जॉन डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. मुलाची तीनचाकी खडबडीत रस्त्यावर खडखडायची, म्हणून त्यांनी रबरी नळीत हवा भरली. तोवर चाकांना भरीव रबर असायचं. हाडं खिळखिळी व्हायची. गंमत म्हणजे रॉबर्ट थॉमसन यांनी हीच युक्ती १८४५ मध्येच पेटंट केली होती, पण तेव्हा रस्त्यावर सायकलीच नव्हत्या! त्यामुळे डनलॉपचं पेटंट टिकलं नाही.

म्हणजे आरामाचं खरं सामान माझ्या सीट कव्हरमध्ये नव्हतंच. आजोबांच्या काळ्या सायकलीत आणि माझ्या गिअरवालीत तीच हवा. संध्याकाळी त्यांनी घमेल्यात पाणी घेतलं, ट्यूब बुडवून बुडबुडे दाखवले, काचपेपर आणि सोल्युशन माझ्या हातात दिलं.

या रविवारी पुन्हा नदीकाठी. खिशात पॅच आहे. तुम्हीही ठेवा!