एक गवत, तीन दुखणी

पावसाळ्यात जाफराबाद तालुक्यात बांधावर, रस्त्याकडेला, शाळेच्या कुंपणाशी गाजरगवत माजते. मूळचे अमेरिका खंडातले हे गवत पुण्यात आढळल्याची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ राव यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली. त्याने होणाऱ्या त्वचारोगाचे वर्णन लोणकर, मिचेल आणि कॅलनन यांनी १९७४ साली केले. याच गवतापायी कोणाच्या मानेवर, पापण्यांवर पुरळ उठते, कोणाला शिंका सुरू होतात, तर कोणाला धाप लागते. ही दुखणी वेगवेगळी की एकच?

हा प्रश्न जुना आहे. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ फॉन पिर्के यांनी १९०६ साली 'ॲलर्जी' हा शब्द घडवला. रोगापासून राखणारी प्रतिकारयंत्रणाच कधी अपायही करते, हे त्यांनी ओळखले होते. १९२१ साली जर्मनीत प्राउसनिट्झ यांनी आपले सहकारी क्यूस्टनर यांचा रक्तद्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. क्यूस्टनरना माशाचे वावडे होते. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचताच गांधी उठली. म्हणजे वावड्याचे कारण रक्तात होते! पुढे १९२३ साली कोका आणि कुक यांनी परागज्वर व दमा एकाच घराण्यांत आढळतात याकडे लक्ष वेधले. १९३३ साली इसबही त्यांच्या जोडीला बसवला गेला.

रक्तातला तो घटक अखेर १९६६ साली इशिझाका दांपत्याला सापडला. 'आयजीई' नावाचे ते प्रतिपिंड त्यांनी रॅगवीडच्या परागांची ॲलर्जी असलेल्या रुग्णांच्या रक्तद्रवातून शोधले. रॅगवीड आणि गाजरगवत, दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली!

आयजीई मास्ट पेशींवर चिकटून बसते. पराग येताच त्या पेशी हिस्टामिन सोडतात. हे नाकात घडले की शिंका, श्वासनलिकेत घडले की दमा. नाकातला दाह वाढला की दमाही बळावतो. गाजरगवताचे पुरळ मात्र बहुधा दुसऱ्या वाटेने येते. त्यातले पार्थेनिन त्वचेतील प्रथिनांना चिकटते, टी-पेशी त्याला परके समजतात आणि एक-दोन दिवसांनी पुरळ उठते. वाटा दोन, पण शेवट एकच : रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी जमतात, सूज येते. यालाच दाह म्हणतात.

इसब, परागज्वर आणि दमा यांचे नाते तर अधिक जवळचे आहे. तिन्हींत इंटरल्यूकिन-४ व १३ हे रासायनिक संदेश दाह पेटता ठेवतात. ते अडवणारे ड्युपिलुमॅब हे औषध अमेरिकेत २०१७ साली इसबासाठी आणि २०१८ साली दम्याच्या काही रुग्णांसाठी मंजूर झाले. घराण्यांच्या निरीक्षणातून सुचलेल्या नात्याला त्यामुळे औषधाची साक्ष मिळाली.

शिक्षकांनी यातून काय घ्यावे? श्रमदानात मुलांना गाजरगवत उघड्या हातांनी उपटायला लावू नये. ते फुलण्यापूर्वीच मोठ्यांनी, हातमोजे व लांब बाह्यांचे कपडे घालून, नाकाला फडके बांधून काढावे. ज्या मुलाला इसब किंवा दमा आहे, त्याला त्या कामापासून दूरच ठेवावे. तो कामचुकार नसतो. त्याची प्रतिकारयंत्रणा गरजेपेक्षा जास्त जागरूक असते, इतकेच.