ओली वाळू आणि पडद्यावरची पकड

हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर उतरलेल्या माणसाला वाळूचे दोन स्वभाव पायांनाच कळतात. वरची कोरडी वाळू पाऊल गिळते. ओहोटीने नुकतीच उघडी पडलेली ओली वाळू मात्र पाऊल तोलून धरते. मोटारशर्यतीचा जो व्हिडिओ गेम स्वतःला ‘वास्तववादी’ म्हणवतो, त्याची सारी कसोटी याच प्रश्नावर लागते: चाकाखालची जमीन चाकाला किती धरते? त्या पकडीचा इतिहास या धाग्यात.

ओल्या वाळूच्या कणांमध्ये पाण्याचे पातळ पापुद्रे असतात. पृष्ठताणामुळे ते कणांना एकमेकांशी बांधतात आणि जमीन टणक होते. पाणी फार कमी किंवा फार जास्त झाले की बंध सुटतो. रायगडच्या बैलगाडी शर्यतवाल्यांना हे शास्त्र पुस्तकातून शिकावे लागले नाही. अलिबाग-मुरूड पट्ट्यातील किनाऱ्यांवर शर्यत भरायची ती ओहोटीची वेळ पाहूनच. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने संबंधित कायदा वैध ठरवला. ओहोटीचे वेळापत्रक मात्र तेच राहिले.

मोटारींनीही आपली धाव अशाच वाळूवर अजमावली. वेल्समधील पेंडाइनच्या किनाऱ्यावर १९२४ मध्ये माल्कम कॅम्पबेलने ताशी सुमारे २३५ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. तिथेच ३ मार्च १९२७ रोजी पॅरी-थॉमस विक्रमाच्या प्रयत्नात ठार झाला. त्याची ‘बॅब्स’ ही मोटार किनाऱ्यातच पुरण्यात आली आणि १९६९ मध्ये उकरून काढण्यात आली. अमेरिकेत डेटोनाच्या किनाऱ्यावरच्या शर्यती १९५८ पर्यंत चालल्या. पुढच्या वर्षी तिथे डांबरी ट्रॅक उघडला.

पडद्यावर हे सारे येताना पहिल्या पिढीने मृत्यू वगळला, आणि बरेचसे भौतिकशास्त्रही. नामको कंपनीच्या १९८२ च्या ‘पोल पोझिशन’मध्ये जपानचा खरा फुजी ट्रॅक होता. पण जाहिरातफलकाला धडकून मोटारीचा स्फोट झाला, तरी क्षणात नवी मोटार हजर होई. दोन वर्षांनी जेफ क्रॅमंडने बीबीसी मायक्रो या छोट्या संगणकावर ‘रेव्हज’ रचला. त्यात मोटार खरोखर वागते कशी, याचे गणित मांडण्याचा प्रयत्न होता. माझ्या मते वास्तववादी शर्यतीची खरी सुरुवात इथे आहे, चित्रांच्या झगमगाटात नाही.

या गणिताचा गाभा टायर. टायर वळणावर थोडा घसरतो आणि त्या घसरण्यातूनच पकड निर्माण होते. घसरण वाढली की पकडही वाढते. एका शिखरानंतर मात्र ती ओसरू लागते. नेदरलँड्समधील डेल्फ्टचे प्राध्यापक हान्स पासेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा वक्र एका सूत्रात बसवला. १९८७ मधील त्यांच्या शोधनिबंधामुळे गाजलेल्या या सूत्राला ‘मॅजिक फॉर्म्युला’ म्हणतात. नाव जादूचे, पण पोट मोजमापांनी भरलेले. मोटार-अभियंत्यांनी ते वापरले आणि पुढे गेम रचणाऱ्यांनीही. १९९८ चा ‘ग्रांप्री लीजेंड्स’ १९६७ च्या हंगामातील पंख नसलेल्या मोटारी इतक्या खऱ्याखुऱ्या निसटवत असे, की पुष्कळांना पहिले वळणही पार होईना. त्याआधी वर्षभर जपानमध्ये काझुनोरी यामाउची यांचा ‘ग्रॅन टुरिस्मो’ आला आणि त्याच्या १ कोटीहून अधिक प्रती खपल्या.

मग प्रश्न उलटा फिरला: खेळात पकड कळलेल्याला खऱ्या ट्रॅकवर ती कळेल का? निस्सानच्या ‘जीटी अकॅडमी’ने २००८ मध्ये हे अजमावले. तिचा पहिला विजेता, स्पेनचा लुकास ऑर्दोन्येझ, २०११ मध्ये ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात दुसरा आला. महाराष्ट्रातल्या मुलासाठी ही मोठी बातमी होती. देशातील नावाजलेले ट्रॅक चेन्नईजवळ, कोइमतूरला आणि ग्रेटर नोएडात. शिवाय या खेळाचा खर्च मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरचा.

मुंबईच्या महिंद्र कंपनीचा संघ या कथेत थेट येतो तो जानेवारी २०१७ मध्ये. लास वेगासला फॉर्म्युला ई मालिकेने व्यावसायिक चालक आणि घरबसले खेळाडू यांना एकाच आभासी ट्रॅकवर उतरवले. बक्षिसांची एकूण रक्कम १० लाख डॉलर. महिंद्रकडून खेळणारा फिनलंडचा ओल्ली पाहकाला पहिला आला. पण सॉफ्टवेअरमधील दोषामुळे त्याला जादा शक्ती ठरल्यापेक्षा अधिक वेळ मिळाल्याचे आढळले आणि त्याच्या वेळेत दंडाचे सेकंद मिळवण्यात आले. विजेतेपद नेदरलँड्सच्या बोनो हाउसकडे गेले. महिंद्रचाच खरा चालक फेलिक्स रोसेनक्विस्ट दुसरा, पाहकाला तिसरा. टायरचे गणित चोख होते म्हणा, पण चूक त्याच्या शेजारच्या ओळीत निघाली. शिवाय ती चूक खेळाडूची नव्हती, तरी किंमत त्यानेच मोजली.

आजच्या गेममध्ये ट्रॅक लेसरने मोजून घेतात. ‘आयरेसिंग’ने २००८ पासून ही पद्धत रुळवली. डांबरावरचा उंचवटा, खड्डा, कडेचा दगड असे सारे त्यात उतरते, कारण आज मोजलेले डांबर उद्याही जवळपास तसेच असते. हरिहरेश्वरची वाळू मात्र भरती दिवसातून दोनदा नव्याने पसरते. सकाळच्या ओहोटीला मोजलेला टणक पट्टा संध्याकाळी चार हात सरकलेला असतो, आणि त्यातली ओल त्याहून आधी बदललेली असते.