जुना करार रद्द झालेला नाही

डिसेंबर 1938. मद्रासजवळच्या तांबरम येथे, मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या आवारात, जगभरच्या मिशनरी संस्थांची परिषद भरली होती. त्याच निमित्ताने मद्रासच्या काही विचारवंत ख्रिस्ती गृहस्थांनी ‘रीथिंकिंग ख्रिश्चॅनिटी इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या मंडळींतले सर्वांत धारदार लेखक पी. चेंचय्या. पेशाने कायदेपंडित, पुदुकोट्टै संस्थानात मुख्य न्यायाधीश राहिलेले. त्यांच्या विवेचनातला एक प्रश्न आजही चेन्नईपासून अहिल्यानगरपर्यंत कानावर येतो. येशूपर्यंत पोहोचायला भारतीय माणसाने इस्राएलच्या इतिहासाची वाट का तुडवावी? आपल्याकडचे प्राचीन धर्मग्रंथ हाच त्याचा जुना करार का असू नये?

चेंचय्यांच्या प्रश्नामागे स्वाभिमान होता, अभ्यास होता, येशूवर निस्सीम प्रेम होते. पाश्चात्त्य चर्चची उतरंड डोक्यावर घेऊन फिरायला त्यांनी नकार दिला, तो योग्यच होता. पण त्यांच्या प्रश्नाच्या आडोशाने जे मत आज सर्रास रूढ झाले आहे, ते मला मान्य नाही. ते मत असे: देवाने अब्राहामाशी, इस्राएलाशी, दाविदाशी केलेले करार मुदतीचे होते. येशू आला आणि ती मुदत संपली.

या मताची बाजू आधी नीट मांडू, कारण ती कच्ची नाही. तिचा पहिला आधार खुद्द नव्या करारात आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा आठवा अध्याय पहिल्या कराराला जीर्ण ठरवतो आणि तो नाहीसा होण्याच्या बेतात असल्याचे सांगतो. दुसरा आधार न्यायाचा आहे. करार दोघांत असतो आणि एकाने तो मोडला की दुसरा मोकळा होतो. इस्राएलने तो मोडल्याची साक्ष तर त्यांचेच संदेष्टे पानोपानी देतात. तिसरा आधार इतिहासाचा. इसवी सन 70 मध्ये रोमन फौजांनी यरुशलेमचे मंदिर जमीनदोस्त केले. याहून स्पष्ट निकाल कोणता हवा? आणि चौथा आधार आपल्या अगदी जवळचा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून येशूकडे आलो असे सांगत. मोशेच्या पुलाची त्यांना कुठे गरज पडली?

न्यायाच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात एक विलक्षण विधी आहे. अब्राहाम (तेव्हा त्याचे नाव अब्राम होते) तीन वर्षांची कालवड, शेळी आणि एडका आणतो, त्यांची मधोमध दोन शकले करतो आणि ती समोरासमोर मांडतो. प्राचीन काळी करार करणारे अशा शकलांमधून चालत जात. अर्थ उघड होता: मी शब्द मोडला तर माझीही अशीच गत होवो. यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात याच रीतीचा उल्लेख आहे, त्यामुळे हा अर्थ मी पदरचा लावत नाही. अब्राम दिवसभर त्या शकलांवर झेपावणारे हिंस्र पक्षी हाकलत बसतो. सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते. आणि मग अंधारात शकलांमधून जाते ती धुमसती भट्टी आणि जळती मशाल, म्हणजे देवाच्या उपस्थितीची खूण. अब्राम त्यातून चालत नाही. त्याला चालायला सांगितलेलेही नाही. दोन पक्षांच्या करारात एकच पक्ष आणाभाका घेतो, आणि तो पक्ष देव आहे. मग दुसऱ्या पक्षाने शर्त मोडल्यामुळे हा करार बुडाला, असे कोणता न्यायाधीश म्हणेल? दुसऱ्या पक्षाने तिथे शर्तच घेतलेली नव्हती.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की सीनाय पर्वतावरचा करार सशर्त होता. होता. आज्ञा पाळाल तर आशीर्वाद, मोडाल तर शाप, असे अनुवादात स्वच्छ लिहिले आहे. पण त्या शर्ती मोडल्यावर काय घडले तेही वाचावे. दगडी पाट्या घेऊन मोशे डोंगरावरून उतरण्याआधीच खाली सोन्याचे वासरू उभे राहिले होते. देवाचा कोप भडकला. त्या घडीला मोशे लोकांच्या चांगुलपणाचा हवाला देत नाही, कारण द्यायला काही शिल्लकच नव्हते. तो अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांना देवाने वाहिलेल्या शपथेचा हवाला देतो, आणि तेवढ्यावर पाट्या पुन्हा कोरल्या जातात. लेवीयच्या सव्विसाव्या अध्यायात शापांची भयंकर यादी आहे. ती संपताना देव काय सांगतो? शत्रूंच्या देशातही मी त्यांना पुरते टाकणार नाही आणि माझा करार मोडणार नाही. सशर्त कराराच्या मुळाशी बिनशर्त वचन आहे. शिक्षा वचनाच्या आत घडते. हाच युक्तिवाद पौल गलतीकरांस करतो: चारशे तीस वर्षांनंतर आलेले नियमशास्त्र आधीच पक्के झालेले वचन रद्द करू शकत नाही.

आता इब्री लोकांस पत्र. हा प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट साक्षीदार, म्हणून त्याची उलटतपासणी सावकाश व्हावी. आठव्या अध्यायात लेखक यिर्मयाचा एक लांबलचक उतारा देतो. नव्या करारात जुन्यातून घेतलेला याहून मोठा उतारा नाही. यिर्मयाचा एकतिसावा अध्याय, ओव्या 31 ते 34. नवा करार येईल आणि नियमशास्त्र हृदयावर लिहिले जाईल, हे तिथे आहे. पण तो करार कोणाशी? इस्राएलच्या आणि यहूदाच्या घराण्याशी, असे त्याच ओव्यांत स्पष्ट म्हटले आहे. आणि ओवी 34 वर पुस्तक मिटणाऱ्यांनी ओवी 35, 36 आणि 37 कधी वाचल्या आहेत का? तिथे देव सूर्य, चंद्र आणि तारे यांना साक्षीला उभे करतो. त्यांचे नियम ढळले, वरचे आकाश मोजता आले, तरच मी इस्राएलच्या वंशाला टाकीन, असे म्हणतो. ज्या श्वासात नव्या कराराची घोषणा झाली, त्याच श्वासात जुन्या लोकांना न टाकण्याची हमी दिली आहे. एक घ्यायचे आणि दुसरे गाळायचे, ही कसली साक्ष?

मग जीर्ण काय झाले? पत्राचा संदर्भ पाहा. सातव्यापासून दहाव्या अध्यायापर्यंत चर्चा आहे ती याजकपदाची, मंडपाची आणि बलिदानांची. त्या व्यवस्थेची जागा ख्रिस्ताने घेतली, हा लेखकाचा दावा आहे. त्यावर वाद घालण्याचे मला कारण नाही. पण हाच लेखक सहाव्या अध्यायात ख्रिस्ती माणसाच्या आशेला आधार कोणता देतो? अब्राहामाला दिलेले वचन, आणि त्यासाठी देवाने स्वतःचीच वाहिलेली शपथ. अब्राहामाचे वचन मुदतीचे असेल, तर सहावा अध्याय कोसळतो. सहावा कोसळला की आठव्याला कोण वाचवणार?

पौलाने तर हा प्रश्न रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात समोरासमोर विचारला: देवाने आपल्या लोकांना टाकून दिले काय? उत्तर ठाम नकाराचे आहे. परराष्ट्रीय विश्वासणारे म्हणजे जैतुनाच्या झाडावर कलम केलेली रानटी फांदी, आणि फांदीने मुळाला तुच्छ लेखू नये, अशी तंबी तो देतो. देवाची कृपादाने आणि पाचारण मागे घेतले जात नाही, हा त्याचा निष्कर्ष आहे. मुळावर कुऱ्हाड घालून फांदी कशी जगेल?

हा प्रयोग करून झालेला आहे. दुसऱ्या शतकात मार्सियन या ख्रिस्ती पंथप्रवर्तकाने जुना करार संपूर्ण नाकारला. पण तेवढ्यावर त्याचे भागले नाही. चार शुभवर्तमानांपैकी त्याच्याकडे एकटे लूकचे उरले, आणि तेही काटछाट करून. कारण अब्राहामाचे नाव आणि इस्राएलची आशा त्यातही जिथे तिथे होती. 1933 साली बर्लिनमध्ये नाझीधार्जिण्या जर्मन ख्रिस्ती मंडळींच्या सभेतही जुना करार टाकण्याची मागणी झाली. तांबरमची परिषद भरली तेव्हा जर्मनीतली यहुद्यांची सिनेगॉग जळून जेमतेम महिना झाला होता. चेंचय्यांचा त्या द्वेषाशी काडीचाही संबंध नव्हता, हे मी जोर देऊन सांगतो. पण इस्राएलला दिलेला शब्द संपला असे म्हणणाऱ्या विचाराची दुसरीकडे काय फळे लागली, हे विसरून त्याची चर्चा करता येत नाही.

इतिहासाच्या निकालाचे काय? मंदिर पडले हे खरे. पण निकाल देण्याआधी कोकणात या. रायगडच्या किनाऱ्यावर बेने इस्राएल हा यहुदी समाज कित्येक शतके तेलाचे घाणे चालवून जगला. त्यांच्याजवळ ना मंदिर होते ना रब्बी, आणि दीर्घ काळ धर्मग्रंथाची गुंडाळीही नव्हती. तरी शनिवारी घाणा बंद. गावाने त्यांना शनवार तेली हेच नाव दिले. आठव्या दिवशी मुलाची सुंता चुकली नाही, आणि उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात अब्राहामाशी केलेल्या कराराची खूण हीच आहे. 1796 मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत सिनेगॉग बांधले, तोवर हा समाज घरच्या ओसरीवर करार पाळत होता. यातून देवाचे अस्तित्व सिद्ध होते असे मी म्हणत नाही. पण करार सन 70 मध्ये संपला हे त्या तेल्यांना कोणी कळवलेले दिसत नाही.

एक खुलासा इथेच करायला हवा. वचन टिकाऊ आहे याचा अर्थ आजच्या इस्राएल राष्ट्राचे प्रत्येक कृत्य देवमान्य आहे, असा नव्हे. निवडलेल्यांनाच अधिक कडक जाब विचारला जातो, हे आमोसने ठणकावून सांगितले आहे. राजकारणाने कराराची ढाल करावी, हे करारालाच मान्य नाही.

राहिला तुकोबांचा पूल. हा मुद्दा मला सर्वांत प्रिय आहे, आणि माझ्या मते तो प्रतिपक्षाच्या विरुद्धच जातो. आपले संत देवाशी भांडतात ते कशाच्या बळावर? त्याच्या ब्रीदाच्या. पतितपावन म्हणवतोस ना, मग पावन कर. नाहीतर ब्रीद सोड. नामदेवांपासून तुकोबांपर्यंत ही भाषा घुमत राहते. आता स्तोत्रसंहितेतले एकोणनव्वदावे स्तोत्र काढा. दाविदाचे सिंहासन धुळीला मिळाले आहे, आणि स्तोत्रकर्ता देवाला तोंडावर विचारतो: तू शपथ वाहिली होतीस, तुझी ती पूर्वीची दया कुठे गेली? वचन संपले असते तर ही तक्रार कोणी केली असती? मुदत संपलेल्या कागदावर कोणी फिर्याद लावत नाही. देवाला त्याच्या शब्दाला धरून जाब विचारणारी ही भक्ती पंढरपूरच्या वाटेवर वाढलेल्या माणसाला जितकी सहज कळेल, तितकी क्वचितच कोणाला कळेल. टिळकांचा पूल भक्कम आहे. त्यावरून आलेला मराठी माणूस दावीद आणि यिर्मया यांच्या अंगणातच उतरतो.

चेन्नईच्या चर्चमध्येही हे नकळत मान्य झालेलेच आहे. 31 डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या उपासनेनंतर तमिळ कुटुंबे नव्या वर्षाचे ‘वाक्कुत्तत्तम्’, म्हणजे वचन, घेतात. छापील कार्डावर एक ओवी असते. ते कार्ड वर्षभर भिंतीवर किंवा बायबलमध्ये राहते. या ओव्या बहुधा कुठल्या असतात? यशया, यिर्मया, अनुवाद, स्तोत्रे. म्हणजे इस्राएलला दिलेली वचने. ती रद्द झाली असतील, तर त्या कार्डाला काय किंमत? आणि ज्याने एकदा शपथ वाहून शब्द फिरवला, त्याच्या नव्या शब्दावर विसंबायचे कशाच्या जोरावर?

दोन्ही बाजू वाचकांपुढे आहेत. माझी विनंती एवढीच, की निकाल देण्यापूर्वी यिर्मयाचा एकतिसावा अध्याय सदतिसाव्या ओवीपर्यंत वाचावा, इब्री पत्राच्या आठव्या अध्यायाआधी सहावा वाचावा, आणि रोमकरांस पत्राचा अकरावा मध्येच सोडू नये.