गोळीतलं पीठ : सीलियाक, नगरची भाकरी आणि औषधाची पट्टी

मंडळी, आजचा विषय दवाखान्यातला आहे, इतिहासात तो कशाला, असं काहींना वाटेल. गहू, सातू म्हणजे बार्ली आणि राय यांच्यातलं ग्लुटेन ज्यांच्या आतड्याला सोसत नाही, त्यांच्या आजाराला सीलियाक म्हणतात. असा माणूस चपाती सोडतो, बिस्किट सोडतो. पण डॉक्टरांनी दिलेल्या गोळीत काय आहे, हे त्याने कसं तपासायचं? नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) हा प्रश्न उभा राहायला आधी दोन गोष्टी घडाव्या लागल्या. गहू रोजच्या ताटात आला आणि औषध वैद्याच्या खलातून निघून कारखान्यात गेलं.

ताटापासून सुरू करू. नगर हा भाकरीचा जिल्हा. जामखेड, कर्जतकडे शाळू, पारनेर, संगमनेरकडे बाजरी. गहू होता, पण तो सणावाराचा, पुरणपोळीचा. १९२६ साली भंडारदरा धरण पुरं झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले, पुढे मुळा धरण आलं, आणि उसाच्या शेजारी बागायती गहू उभा राहिला. १९७२च्या दुष्काळात रेशनवर जे मिळेल ते खाल्लं गेलं, तांबडी मिलो ज्वारीसुद्धा. तिची चव जुनी माणसं अजून विसरलेली नाहीत. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू २ रुपये किलो केला. भरड धान्य १ रुपयाने द्यायची तरतूद त्याच कायद्यात होती, पण पिशवीत बहुधा गहू-तांदूळच पडले. पोळी प्रतिष्ठेची झाली, भाकरी मागे सरली. ज्याला सीलियाक आहे त्याच्या दृष्टीने हा उलटा प्रवास, कारण ज्वारी-बाजरीत हे ग्लुटेन नाही.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या एका मोठ्या पाहणीत सीलियाकचं प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के भरलं. गहू उत्तरेत सगळ्यात जास्त, हे खरं. पण ईशान्येत गहू फारच कमी, तरी आकडा मोठा. तेव्हा नुसतं गव्हावर बोट ठेवून भागत नाही, घराण्यातून येणाऱ्या जनुकांचाही त्यात वाटा आहे.

हा आजार ओळखला कसा गेला, ते थोडक्यात. १८८७ साली लंडनच्या मुलांच्या इस्पितळात सॅम्युअल गी यांनी एका व्याख्यानातच त्याचं वर्णन केलं आणि उपाय असलाच तर तो आहारात आहे, असं सांगितलं. कोणत्या आहारात, हे पुढची साठ वर्षं नीट कळलं नाही. मधे केळ्यांचा पथ्याहारसुद्धा गाजला. नेदरलँड्समधले डॉक्टर विलेम डिक यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे उपासमार झाली, पाव मिळेना, तेव्हा तो संशय बळावला. १९५० साली त्यांनी प्रबंध लिहिला. म्हणजे बघा, एका दुष्काळी हिवाळ्याचाही या आजाराचं गूढ उकलण्यात हात आहे.

आता गोळीकडे. १८४३ साली विल्यम ब्रॉकडन या इंग्रज माणसाने साच्यात भुकटी दाबून गोळी करायचं पेटंट घेतलं. औषध असतं चिमूटभर, काही मिलिग्रॅम. ते बोटांत धरता यावं, साच्यात बसावं आणि पोटात गेल्यावर फुटावं, म्हणून त्यात भर घालतात, आणि त्या भरीत स्टार्च जुना. हा स्टार्च मक्याचा असतो, बटाट्याचा असतो, क्वचित गव्हाचा. इथेच सगळी मेख आहे. आपल्याकडच्या पट्टीवर मूळ औषधाचं नाव आणि वजन ठळक असतं, आणि खाली बारीक अक्षरात ‘एक्सिपियंट्स क्यू. एस.’, म्हणजे बाकीचं लागेल तेवढं. ते बाकीचं कशाचं, हे आपण आजवर कधी विचारलं नाही. १ ऑगस्ट २०२३पासून ३०० नावाजलेल्या ब्रँडांवर क्यूआर कोड आला. तेव्हा त्यात बॅच, मुदत, परवाना क्रमांक कळत होता, पीठ कळत नव्हतं.

पण घाबरून औषध बंद करायचं, हा दुसरा आणि जास्त मोठा धोका. फिट्स किंवा थायरॉइडची गोळी संशयापोटी सोडणाऱ्याचं नुकसान गोळीतल्या कणापेक्षा कितीतरी मोठं आहे. हिशेब करू. ग्लुटेनमुक्त पदार्थाची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम. ३० ग्रॅम खाल्लं तर जास्तीत जास्त ०.६ मिलिग्रॅम पोटात गेलं. गव्हाचा स्टार्च असलेल्या गोळीतही साधारणपणे याहून कमीच ग्लुटेन येतं, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७च्या मसुद्यात म्हटलं आहे. रोज ५० मिलिग्रॅम गेलं तर आतडं बिघडतं, हे इटलीतल्या २००७च्या प्रयोगात दिसलं होतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

आम्हाला जास्त काळजी वाटते ती घरगुती औषधांची. हिंग्वष्टक चूर्ण घ्या. आयुर्वेदिक औषधावर सगळे घटक छापावे लागतात, तिथे ‘हिंग’ लिहिलेलं असतं. पण बाजारातला बांधानी हिंग मैद्यात किंवा डिंकात बांधलेला असतो, आणि ते काही पट्टीवर येत नाही. ‘माल्ट’ लिहिलेलं टॉनिक बहुधा सातूचंच. अगस्त्य हरीतकी या अवलेहात तर पाठातच यव आहेत. ‘नैसर्गिक आहे, काय होतंय’ म्हणून आपण हे चमचाचमचा खातो. गोळी मिलिग्रॅममध्ये मोजतात, चूर्ण चमच्याने, हा फरक लक्षात घ्या.

मग तपासायचं कसं? मेडिकलवाल्याला ‘यात ग्लुटेन आहे का’ विचारलं तर तो नाही म्हणेल, कारण त्यालाही माहीत नसतं. ‘यातला स्टार्च कशाचा?’ असं विचारा आणि खोक्यातलं माहितीपत्रक मागा. मक्याचा लिहिला असेल तर प्रश्न मिटला. नुसतं ‘स्टार्च’ असेल तर पट्टीवरच्या पत्त्यावर कंपनीला बॅच नंबरसकट लिहा आणि उत्तर जपून ठेवा. कंपनी बदलली की पुन्हा विचारा, कारण त्याच औषधाची दुसऱ्या कारखान्यातली गोळी वेगळ्या भरीची असू शकते. उत्तर येईपर्यंत गोळी चालू ठेवायची की बदलायची, ते डॉक्टरांना विचारून ठरवायचं. त्यांच्या चिठ्ठीवर वरच्या कोपऱ्यात ‘सीलियाक’ लिहून घेतलंत तर पुढच्या दवाखान्यात पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

प्रश्न बरेच आलेत. हिंगावरचा आधी घेऊ.