विटेनूमची धूळ आणि उशिराची साक्ष

दुर्गम खाणींचा इतिहास बहुधा कंपनीच्या दप्तरांवरून आणि सरकारी अहवालांवरून लिहिला जातो. आपल्या आरोग्याविषयी खुद्द कामगाराला काय वाटत होते, याचा उल्लेख त्यांत क्वचितच आढळतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातील विटेनूम या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. पर्थपासून हजाराहून अधिक किलोमीटर दूर, पिलबारा प्रदेशात, १९४३ ते १९६६ या काळात निळ्या ॲस्बेस्टॉसचे उत्खनन चालले. कामगारांत युद्धोत्तर युरोपातून, विशेषतः इटलीतून आलेले स्थलांतरित पुष्कळ होते.

धूळ त्यांच्या डोळ्यांना दिसत होती. तिच्यातला मृत्यू मात्र दिसण्यासारखा नव्हता. डॉ. एरिक सेंट यांनी १९४८ मध्येच आरोग्य अधिकाऱ्यांना धोक्याचा इशारा दिला होता. म्हणजे ज्ञान उपलब्ध होते, पण ज्यांच्या छातीत ती धूळ जात होती त्यांच्यापर्यंत ते पोचले नाही. खाणीचा टाकाऊ चुरा गावातल्या रस्त्यांवर आणि अंगणांतही पसरला गेला. म्हणून पुढे बायकामुलेही आजारी पडली.

मेसोथेलिओमा हा कर्करोग प्रकट व्हायला कित्येक दशके लागतात. त्यामुळे कामगारांची साक्ष खाण बंद झाल्यावर, न्यायालयात नोंदली गेली. १९८८ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागले. २००७ मध्ये विटेनूमचा गाव म्हणून असलेला अधिकृत दर्जाही संपला.

जुन्या कागदपत्रांत कामगाराची तक्रार सापडत नाही, एवढ्यावरून तो समाधानी होता असे म्हणता येत नाही. त्याला काय सांगितले गेले होते, हे अभ्यासकाने आधी तपासले पाहिजे.